हॅलिफॅक्स १८६१: देवीची साथ, पिचर प्लांटची मुळी आणि एकमेकांशी न जुळणारे निकाल

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरचा नोव्हा स्कोशिया हा मिगमाक लोकांच्या मूळ प्रदेशाचा, मिगमागीचा, भाग. (जुन्या लिखाणात या लोकांना 'मिकमॅक' म्हटलेलं आढळतं.) १८६० च्या दशकाच्या तोंडावर हॅलिफॅक्स बंदरात आणि आसपास देवीची साथ होती. जेनरची लस निघून तोवर साठ वर्षं उलटली होती, मुंबईतही पहिली लस १४ जून १८०२ ला टोचली गेली होती. तरीही टोचलेले, अर्धवट टोचलेले आणि अजिबात न टोचलेले असे सगळे लोक एकाच शहरात शेजारी राहत होते. हा तपशील पुढे कामाला येणार आहे.

या साथीत मिगमाक वैद्यकातली एक मुळी, पिचर प्लांट या किडे खाणाऱ्या वनस्पतीची, गोऱ्या डॉक्टरांच्या नजरेस पडली. हॅलिफॅक्सच्या दवाखान्यातले डॉ. फ्रेडरिक मॉरिस यांनी ती देवीवर हमखास चालते असं जाहीर केलं. ब्रिटिश तोफखान्याचे कॅप्टन हार्डी यांनी मिगमाक वापराचं वर्णन लिहून दिलं आणि त्याच तोफखान्याचे सर्जन हर्बर्ट चामर्स माइल्स यांनी ते लंडनच्या एपिडेमिऑलॉजिकल सोसायटीपुढे, म्हणजे साथरोगांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेपुढे, मांडलं. दोनेक वर्षांत लंडनच्या देवी रुग्णालयाने ती मुळी निरुपयोगी ठरवली. त्यानंतर दीडशे वर्षांनी, २०१२ मध्ये, ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी याच वनस्पतीचा अर्क देवीच्या विषाणूची वाढ रोखतो असं प्रयोगशाळेत दाखवलं. आधी हमखास, मग निरुपयोगी, मग पुन्हा परिणामकारक. हे प्रकरण 'परंपरा बरोबर निघाली' किंवा 'भाबडेपणा उघडा पडला' अशा एका वाक्यात बसत नाही. दर वेळी तपासली गेलेली गोष्टच वेगळी होती.

वनस्पती

तिचं शास्त्रीय नाव सॅरासिनिया पर्पुरिया. क्वेबेकचे शल्यचिकित्सक मिशेल सराझँ यांनी १७०० च्या आसपास तिचे नमुने पॅरिसला पाठवले, म्हणून हे नाव पडलं. मराठीत पिचर प्लांटला घटपर्णी म्हणतात, पण तो शब्द सहसा मेघालयातल्या नेपेंथिससाठी वापरतात. ते कूळ वेगळं, औषधी वापरही वेगळा. नावावरून या दोघींची गल्लत करू नये.

ही वनस्पती स्फॅग्नम शेवाळाच्या आंबट, नायट्रोजन जेमतेम असलेल्या दलदलीत वाढते. कासच्या पठारावर दवबिंदू आणि सीतेची आसवं ज्या कारणाने किडे खातात, त्याच कारणाने हीही खाते: जमिनीत पोषण नाही. पानांचे १० ते २० सेंटिमीटर लांबीचे, लाल-जांभळ्या शिरांचे पेले जमिनीलगत गोलाकार पसरतात. पेल्याच्या तोंडाशी उभं झाकण असतं, त्यावर आतल्या दिशेने वळलेले ताठ केस. पावसाचं पाणी पेल्यात साठतं आणि किडा त्यात बुडून कुजतो. उन्हाळ्याच्या सुरुवातीला लांब देठावर खाली मान घातलेलं एकच मोठं फूल येतं. एका जातीच्या डासाच्या अळ्या याच पाण्यात वाढतात, तेव्हा पेल्यातलं पाणी म्हणजे औषध असा समज कोणी करून घेऊ नये.

औषधासाठी घेतात ती 'मुळी'. खरं तर ते शेवाळात आडवं वाढणारं जाडसर खोड आणि त्याला लागलेली बारीक मुळं. खोड उपटलं की झाड गेलं. पान तोडण्यासारखी ही काढणी नाही. आणि झाड वाढतंही फार सावकाश.

हार्डींनी नोंदलेला वापर

हार्डींच्या वर्णनात दोन वेगळे उपचार आहेत. पुढच्या वादात ते एकत्र कालवले गेले.

पहिला उपचार आजाऱ्यासाठी. मुळीचा दाट काढा एका वेळी मोठा वाईन ग्लासभर द्यायचा. तेव्हाच्या औषधी मापात वाईन ग्लास म्हणजे सुमारे दोन औंस, आजचे साठेक मिलिलिटर. पहिल्या मात्रेने पुरळ बाहेर येतं, चार ते सहा तासांच्या अंतराने दुसरी-तिसरी मात्रा दिली की फोड बसू लागतात, ताप उतरतो आणि थोडी व गडद होणारी लघवी भरपूर व फिकी होते, असा दावा होता.

दुसरा उपचार निरोग्यांसाठी. आसपास देवीचा नुसता संशय आला तरी वस्तीत पातळ काढा करून ठेवायचा आणि तो दिवसातून अधूनमधून घोटभर प्यायचा, म्हणजे उतारा रक्तात टिकून राहतो. ही कल्पना नीट वाचावी. औषध आजाराच्या आधीपासून अंगात असलं पाहिजे असं ती सांगते. तिच्यावर पुढे फारशी चर्चा झाली नाही, आणि २०१२ च्या प्रयोगाशी सगळ्यात जवळचं नातं तिचंच आहे.

लंडनला पोचलेली कृती

एक औंस मुळी चकत्या करून एक क्वार्ट पाण्यात टाकायची, मंद आचेवर पाणी निम्म्यावर, म्हणजे एक पाइंटवर आणायचं, आणि दर चार तासांनी दोन मोठे चमचे द्यायचे. बरोबर रोग्याला चांगलं खाऊपिऊ घालायचं, मांसाचा रस्सा आणि आरारूट.

हे आजच्या मापात मांडून पाहू. ब्रिटिश क्वार्ट म्हणजे सुमारे १.१ लिटर, पाइंट ५७० मिलिलिटर, औंस २८ ग्रॅम, दोन चमचे सुमारे ३० मिलिलिटर. दिवसाला सहा मात्रा म्हणजे १८० मिलिलिटर. या हिशेबाने एक पाइंट काढा तीन दिवसांच्या वर पुरतो आणि रोग्याच्या पोटात रोज साधारण ९ ग्रॅम मुळीचा अंश जातो.

हिशेब सोपा, पण त्याला तीन भोकं आहेत. पहिलं भोक ओल्या-सुक्याचं. मुळी दलदलीतून काढलेली ताजी की वाळवलेली? ओल्या मुळीच्या वजनात बराचसा भाग पाण्याचा असतो, म्हणजे एका औंसातला औषधी अंश कित्येक पटींनी बदलू शकतो. नोव्हा स्कोशियात मुळी चार पावलांवर होती. लंडनला ती जहाजाने, वाळून, किती जुनी होऊन पोचत होती ते पुडी उघडणाऱ्यालाच ठाऊक.

दुसरं भोक मात्रेचं. हार्डींच्या वर्णनात एका वेळी साठ मिलिलिटर दाट काढा आहे, या कृतीत तीस मिलिलिटर. काढ्याचा दाटपणा सारखा धरला तरी एका वेळची मात्रा निम्म्यावर आली. शिवाय पहिल्यात जोर पहिल्या बारा-अठरा तासांवर आहे, दुसऱ्यात तो दिवसभरात सारखा वाटला आहे. डॉक्टरांनी मुळी उचलली आणि मात्रा मात्र आपल्या सवयीची लावली. वैदूंकडून नोंद घेताना आजही हीच चूक होते. 'मूठभर', 'दोन बोटं' या मापांना आपण घाईने ग्रॅम लावतो आणि 'उठल्या उठल्या, तोंड न धुता' हे क्षुल्लक समजून गाळतो.

तिसरं भोक रश्शाचं. त्याकडे सगळ्यात कमी लक्ष गेलं, पण त्याची गोष्ट पुढे.

मॉरिसना बरे झालेले रोगी का दिसले असतील

देवीचा क्रम ठरलेला असतो. लागण झाल्यावर सात ते एकोणीस दिवस काहीच दिसत नाही. मग दोन ते चार दिवस सणसणीत ताप, कंबरदुखी, ओकाऱ्या. त्यानंतर पुरळ उठतं, आणि पुरळ उठताना ताप जरा खाली येतो, रोग्याला बरं वाटतं. पुढे पुरळाचे फोड होतात, त्यांत पू धरतो, ताप पुन्हा चढतो. खपल्या धरून पडेपर्यंत तीन आठवडे जातात.

आता हा क्रम काढ्याशेजारी ठेवा. वैद्याला बोलावतात ते तापाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. पहिली मात्रा पोटात गेली, पुरळ बाहेर आलं, ताप उतरला. त्या दिवशी साधं पाणी दिलं असतं तरी हेच झालं असतं. 'औषधाने पुरळ बाहेर काढलं' हा दावा कोणत्याही देवीच्या औषधाला फुकटात मिळतो. आपल्याकडे देवी आलेल्याच्या खोलीत लावलेल्या कडुनिंबाच्या डहाळ्यांनाही त्याचा लाभ झालाच.

फोड मध्येच बसणं आणि व्रण न राहणं हे मात्र या क्रमातून सुटत नाही. न टोचलेल्या माणसाच्या साध्या देवीत फोड असे विरत नाहीत. पण पूर्वी कधी लस घेतलेल्याला देवी आल्या तर त्या सौम्य असतात: फोड थोडे, लवकर सुकणारे, दुसरा ताप जवळपास नाहीच. हॅलिफॅक्ससारख्या मिश्र शहरात असे रोगी ढिगाने सापडणार. मॉरिस यांच्या यशस्वी रोग्यांपैकी कितींच्या दंडावर लसीचे व्रण होते, यावर सगळा निकाल अवलंबून आहे, आणि त्यांच्या दाव्यात नेमका तोच भाग कच्चा होता. हॅलिफॅक्समधल्या डॉक्टरांच्या संघटनेनेच पुढे ठराव केला की या औषधाच्या बाजूने मत द्यावं इतका विश्वासार्ह पुरावा नाही.

मार्सन यांची चाचणी

लंडनच्या देवी रुग्णालयाचे जेम्स फर्नेस मार्सन हे या कामाला योग्य माणूस होते. दंडावरचे व्रण मोजून मृत्यूचं प्रमाण मांडणारे तेच. त्यांच्या आकड्यांत न टोचलेल्यांपैकी सुमारे ३५ टक्के रोगी दगावत होते आणि चार किंवा अधिक चांगले व्रण असलेल्यांत एक टक्काही नाही. सौम्य रोगी यशाच्या खात्यात टाकण्याची चूक असा माणूस करणार नव्हता. त्यांनी मुळी देऊन पाहिली, फायदा दिसला नाही, तसं त्यांनी लिहिलं आणि प्रकरण बासनात गेलं.

चाचणी प्रामाणिक होती, तरी तिने दिलेलं उत्तर अरुंद आहे. रुग्णालयात रोगी येतो तो पुरळ ओळखू आल्यावर, म्हणजे विषाणू अंगभर पसरून झाल्यावर. तिथे मिळत होती ती समुद्रापलीकडून आलेली मुळी, चमच्याच्या मात्रेत. 'देवी रुग्णालयातल्या उशिरा आलेल्या रोग्याला, हाती असलेल्या मुळीचा, या मात्रेत उपयोग नाही' इतकं मार्सन यांनी दाखवलं, आणि त्या काळच्या लंडनकराला तेवढंच उत्तर हवं होतं. वस्तीत साथ यायच्या आधीपासून पातळ काढा पिणं हा प्रश्न त्यांच्या हाती कधी आलाच नाही. देवी रुग्णालयात निरोगी माणूस असतो कुठे?

२०१२: पेशींच्या थरावर

देवी १९८० मध्ये जगातून गेल्याचं जाहीर झालं. तिचा विषाणू आज अधिकृतपणे दोनच ठिकाणी ठेवलेला आहे: अमेरिकेत अटलांटाला आणि रशियात कोल्त्सोवोला. त्यामुळे मूळ उपचार माणसावर तपासणं आता शक्य नाही. पेशींवर मात्र तपासता येतो. ॲरिझोनाच्या गटाने देवीच्याच कुळातले तीन विषाणू घेतले: लशीत वापरला जाणारा व्हॅक्सिनिया, मंकीपॉक्स आणि खुद्द देवीचा व्हॅरिओला. सॅरासिनियाच्या अर्काने तिन्हींची वाढ रोखली.

अडथळा कुठे होतो, ही यातली महत्त्वाची गोष्ट. देवी-कुळाचा विषाणू पेशीत शिरला की सगळ्यात आधी आपल्या काही जनुकांच्या प्रती काढतो. तिथून पुढचा कारखाना सुरू होतो, डीएनएच्या नकला बनतात आणि शेवटी नवे विषाणू बाहेर पडतात. सिडोफोव्हिरसारखं औषध डीएनएच्या नकलांवर घाव घालतं. सॅरासिनियाचा अर्क त्याच्याही आधी, पहिल्या प्रती काढण्याच्या टप्प्यावरच थांबवतो. या टप्प्यावर काम करणारा देवी-कुळाविरुद्धचा हा पहिला परिणामकारक पदार्थ, असं संशोधकांनी म्हटलं.

इतक्या लवकरच्या टप्प्यावर अडवणारा पदार्थ विषाणू पसरण्याआधी अंगात असला तर त्याला काही काम उरतं. फोडांत पू धरल्यावर आलेल्या रोग्यात ते फारसं उरत नाही. इथे वस्तीतला पातळ काढा आणि मार्सन यांचं अपयश दोन्ही एका ओळीत बसतात. ओळ मोहक आहे, म्हणूनच तिच्यावर लगेच भार टाकू नये. पेशींच्या थराला अर्क थेट भिजवतो. पोटात गेलेला काढा आम्ल, आतडं आणि यकृत ओलांडून रक्तात किती उतरतो, ही वेगळी बाब. शिवाय प्रयोगशाळेतला अर्क आणि क्वार्टचा पाइंट होईतो उकळलेलं पाणी हे एकच द्रव्य आहे असं धरून चालता येत नाही.

टेकोव्हिरिमॅटची तुलना

टेकोव्हिरिमॅट हे देवीसाठी तयार झालेलं आधुनिक औषध. पेशींत चालतं, माकडांत चालतं, आणि या भरवशावर अमेरिकेत त्याला २०१८ मध्ये मान्यता मिळाली. मग काँगो लोकशाही प्रजासत्ताकात एमपॉक्सच्या (म्हणजे पूर्वीच्या मंकीपॉक्सच्या) रोग्यांवर नीट चाचणी झाली: काहींना औषध, काहींना तशीच दिसणारी पोकळ गोळी. २०२४ मध्ये निकाल आला. फोड बरे होण्याच्या वेगात फरक पडला नाही.

त्याच निकालात दुसरा आकडा होता. चाचणीत दाखल झालेल्यांपैकी १.७ टक्के दगावले, औषध मिळो वा न मिळो. देशभरात नोंदलेलं प्रमाण ३.६ टक्के किंवा त्याहून जास्त होतं. दोन्ही गटांना रुग्णालयात ठेवून पाणी, अन्न, जखमांची निगा आणि वरच्या संसर्गावर उपचार मिळाले होते, आणि फरक पडला तो बहुधा त्याचाच.

आता हॅलिफॅक्सचा रस्सा आठवा. जिथे दर चार तासांनी कोणीतरी रोग्याच्या उशाशी येऊन दोन चमचे भरवतं, तिथे ते माणूस पाणीही पाजतं, अंथरूण बदलतं, रस्सा देतं. मिगमाक वस्तीत काढा घेऊन फिरणारी स्त्री हेच करत असणार. काढ्याचा वाटा आणि शुश्रूषेचा वाटा १८६१ च्या नोंदींतून वेगळा काढता येत नाही. आपल्याकडच्या लोकवैद्यकाच्या बहुतेक यशोगाथांतही तो निघत नाही, कारण वैदू औषध देऊन निघून जात नाही, तो बसतो.

वेखंडाचा इशारा

एवढं वाचून कोणाला परदेशी दुकानातून सॅरासिनियाची पुडी मागवावीशी वाटली, तर आधी वेखंडाकडे पाहावं. बाळगुटीत उगाळतो त्या वेखंडाची सख्खी बहीण मिगमाक औषधांतही मानाची आहे. सर्दी-खोकल्याला तिचा तुकडा चघळतात. मस्करॅट हा पाणउंदीर ती खातो म्हणून मिगमाक भाषेत तिचं नावही त्याच्यावरून पडलं. वास जवळपास तोच, पानंही तशीच तलवारीसारखी. पण अमेरिकेतली मूळ जात द्विगुणित, म्हणजे गुणसूत्रांचे दोन संच असलेली, आहे आणि तिच्यात बीटा-ॲसरोन हे द्रव्य जवळपास नाही. भारतीय चतुर्गुणित (चार संचांच्या) वेखंडाच्या तेलात त्याचं प्रमाण प्रचंड असतं. प्राण्यांत बीटा-ॲसरोनने कर्करोग होतो असं दिसल्यावर अमेरिकेने १९६८ मध्ये वेखंड खाद्यपदार्थांत वापरायला बंदी घातली. मिगमाक माणसाचा 'आम्ही पिढ्यान्‌पिढ्या चघळतो' हा अनुभव त्याच्या दलदलीतल्या मुळीपुरता खरा. तो आपल्या दुकानातल्या मुळीला लागू होत नाही.

सॅरासिनियाचंही तेच. १८६० च्या दशकात मागणी वाढली तेव्हा पुड्यांत कुठली जात, कुठला भाग, कुठल्या ऋतूतला भरला गेला हे तपासायची सोय नव्हती. पुढे याच वनस्पतीपासून दुखण्यावर टोचायचं 'सॅरापिन' नावाचं इंजेक्शन अमेरिकेत निघालं, आणि उत्तर क्वेबेकचे क्री लोक मधुमेहाच्या तक्रारींवर तिचा वापर करतात. देवीशी यातल्या कशाचाच संबंध नाही. कांजिण्या, नागीण किंवा अंगावर उठलेल्या कुठल्याही फोडांवर घरी हा काढा करून पाहायला या प्रकरणात कसलाही आधार नाही. पोटात घ्यायची सुरक्षित मात्रा कोणीही ठरवलेली नाही.

काढणी आणि परवानगी

सॅरासिनियाच्या सगळ्या जाती वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय करारात, साइट्समध्ये, नोंदलेल्या आहेत. सीमेपार न्यायला परवाना लागतो. मिगमाक भाषेत गरजेपुरतं घेणं आणि उरलेलं पुढच्यांसाठी राखणं याला 'नेटुकुलिम्क' म्हणतात. खोड उपटण्याच्या काढणीत हा शब्द नुसता आदर्श राहत नाही. एका दलदलीतली झाडं एका साथीत संपली तर पुढच्या साथीला मुळी कुठून आणणार, असा तो सरळ हिशेब आहे.

ज्ञानाचीही तशीच राखण होते. मिगमाक ग्रँड कौन्सिलने १९९९ मध्ये 'मिगमॉ एथिक्स वॉच' स्थापन केलं. केप ब्रेटन युनिव्हर्सिटीत बसणारी ही समिती मिगमाक लोकांवर आणि त्यांच्या ज्ञानावर होऊ घातलेलं संशोधन आधी तपासते: माहिती कोण देणार, ती कोणाची राहणार, निष्कर्ष समाजाला दाखवून घेणार की नाही. १८६१ मध्ये असं विचारणारं कोणी नव्हतं. वादात नावं गाजली ती मॉरिस, माइल्स आणि हार्डी यांची.

आज या प्रकरणाचा नोंदतक्ता भरायला घेतला तर 'वनस्पती' आणि 'भाग' हे रकाने लगेच भरतात. 'मात्रा' मध्ये दोन आकडे पडतात, ते एकमेकांशी जुळत नाहीत. 'ओली की सुकी', 'काढणीचा ऋतू', 'रोगाचा कितवा दिवस', 'लसीचे व्रण' आणि 'उशाशी कोण बसलं होतं' हे रकाने कोरेच राहतात. यातला प्रत्येक रकाना त्या वेळी एका प्रश्नात भरून घेता आला असता, आणि तो प्रश्न काढा उकळणाऱ्या बाईलाच विचारायला हवा होता.